एक डाय, दोन घरं

१२ एप्रिल, रविवार

आजपासून रोजनिशी. शास्त्रीय कामाला नोंदी लागतात. मुद्देसूद लिहायचं. भावना नकोत.

मुद्दा: सात जूनला रायफल क्लबची जोडीची मॅच. सहाशे यार्ड. जोडी नेहमीचीच, मी आणि समोरच्या घरातला ऑरिन टफ्ट. गेल्या वर्षी दुसरे आलो, कारण ऑरिनचा वाऱ्याचा अंदाज चुकला. (त्याच्या मते माझा.) यंदा पहिलेच.

माझी सगळी भिस्त पुंगळ्यांवर. गोळी झाडली की पितळेची पुंगळी रायफलीच्या आत फुगते. ती परत वापरायची तर दांड्याच्या प्रेसवर चढवून डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबायची, की पुन्हा मापात येते. दाब नेमका, तर नेम नेमका. लोक उगाच दुर्बिणीचं कौतुक करतात.

ऑरिनच्या आणि माझ्या रायफलीची नळी एकाच कारागिराने, एकाच हत्याराने कोरली. जुळी भावंडं म्हणा. म्हणून डायही दोघांत एकच. एक आठवडा माझ्या गॅरेजमध्ये, एक आठवडा त्याच्या. अकरा वर्षं झाली, कधी ब्र नाही. बायकोला, आर्डिसला म्हटलं, इतका विश्वास नवरा-बायकोतही नसतो. ती म्हणाली, "खरंय."

१४ एप्रिल, मंगळवार

पुंगळ्या दाबून झाल्या. अप्रतिम. मग नेहमीप्रमाणे डाय खोलली, रॉकेलने धुतली, जोडली. डब्यावरच्या सूचनेप्रमाणे पार टेकेपर्यंत खाली फिरवली आणि रिंग आवळली. डाय किती खाली उतरणार ते ही रिंग ठरवते. म्हणजे पुंगळीचा खांदा, तोंडाजवळचा उतार, किती मागे रेटला जाणार, तेही तीच.

यंदा नवीन: रिंगवर आणि डायवर मिळून खिळ्याने एक रेघ ओढली. संशय म्हणून नाही, शिस्त म्हणून. मोज्यात गुंडाळून ऑरिनला नेऊन दिली. त्याने कॉफी पाजली. पातळ होती.

२१ एप्रिल, मंगळवार

डाय परत आली. रेघ जुळत नाही.

चष्मा पुसून पाहिलं. भिंगातून पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढी सरकली आहे. कोणीतरी रिंग फिरवली. घरं दोनच, त्यातलं एक माझं.

जेवण गेलं नाही. बटाटा-खिम्याचा हॉटडिश दोनदाच घेतला.

२२ एप्रिल, सकाळी

नीट विचार केला. नळ्या जुळ्या आहेत, तेव्हा रिंग हलवायचं कारण नाही. हलवली, म्हणजे तिसरी नळी आली. ऑरिनने दुसरी रायफल घेतली आहे, आणि आमच्या डायवर तिच्या पुंगळ्या दाबतो आहे. मला एका शब्दाने न सांगता.

रिंग माझ्या रेघेवर आणून पक्की आवळली.

आर्डिस म्हणाली, "अरे मग विचार ना त्याला. रस्ता ओलांडलास की त्याचं घर." असं थेट विचारून कोणी कबूल होतं का? मी आयुष्यभर शेतकऱ्यांना गारपिटीचे विमे विकले. माणूस खोटं बोलताना कसा बोलतो ते मला शिकवू नये. पुरावा हवा.

२५ एप्रिल, शनिवार

पुरावा मिळाला.

स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण लावून बसलो होतो. लोरेट्टा फिस्क, आपल्या लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती, लांबलचक पिशवी घेऊन ऑरिनच्या गॅरेजमध्ये शिरली. तासाभराने दोघं हसत बाहेर आली. माझ्या गारांच्या गोष्टीला ऑरिन इतक्या वर्षांत एकदा हसलाय, तेही ठसका लागला म्हणून.

आर्डिस म्हणाली, "तिच्या नवऱ्याची रायफल आहे ती. बिचारा हॅरोल्ड गेल्यापासून नुसती पडून होती, ऑरिन तिला शिकवतोय. आणि ती वेगळ्याच मापाची आहे, तुमच्या त्या डायचा काही संबंध नाही. दुर्बीण काढ आता, बाहेरून दिसते."

वेगळ्या मापाची! हिला कोणी सांगितलं? ऑरिननेच. म्हणजे आमच्या घरापर्यंत पेरणी झाली आहे.

२८ एप्रिल, मंगळवार

डाय द्यायचा दिवस. दिली नाही. ऑरिनचा फोन आला. मी थंडपणे म्हटलं, काम चालू आहे. तो म्हणाला, "सावकाश होऊ दे रे. काही अडलं तर हाक मार."

काही अडलं तर! मन खात असलं की माणूस असाच गोड बोलतो.

२ मे, शनिवार

रेंजवर गेलो. नव्या शिस्तीतल्या पुंगळ्या. माझी पाच भोकं एरवी बशीत मावतात. आज टोपीतही मावेनात.

कारणं: वारा उलटसुलट. ऊन डोळ्यावर. तिसऱ्या गोळीला समोर एक गोफर (बिळात राहणारी खार) उभा राहून माझ्याकडे बघत होता. आणि मनाची अवस्था. विश्वासघात झालेल्या माणसाचा हात स्थिर कसा राहणार?

ठराव: दाब वाढवायचा. पुंगळीला सवलत दिली की ती डोक्यावर बसते. डाय आणखी थोडी खाली.

५ मे, मंगळवार

डायमध्ये जाण्याआधी पुंगळीला ग्रीस लावावं लागतं. ग्रीसची डबी ऑरिनकडे. मागणार नाही. आर्डिसचं हातांना लावायचं क्रीम घेतलं, तत्त्व तेच.

पुंगळी डायमध्ये अडकली. वरही जाईना, खालीही येईना. दांड्यावर सगळा भार टाकला तेव्हा प्रेस टेबलासकट उचकटली. शेवटी बुडाला भोक पाडून, आत स्क्रू घालून उपटली. दुपार गेली.

क्रीमची प्रत चांगली नव्हती. आर्डिस म्हणाली, ते मुलीने गेल्या मदर्स डेला दिलेलं होतं. मी म्हटलं, मग मुलीला सांग.

१० मे, रविवार

आर्डिस सकाळपासून गप्प होती. चर्चमध्ये सगळ्या बायकांच्या छातीवर फुलं. तिथे कळलं, आज मदर्स डे.

प्रार्थनेनंतर खाली तळघरात कॉफी. तिथे ऑरिनने आर्डिसला जिरेनियमची कुंडी दिली. म्हणाला, "लोवेल पुंगळ्यांत बुडालेला असणार, म्हणून म्हटलं आपण आणावी." सगळी टेबलं हसली. आर्डिससुद्धा.

आधी माझी डाय, आता माझी बायको. हा माणूस सगळ्या आघाड्यांवर शिरतोय. नंतर माझ्यापाशी आला, काहीतरी बोलणार होता. मी प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं घातलं. आर्डिसच्या मते पुस्तक उलटं होतं.

१६ मे, शनिवार

ऑरिनचे फोन. घेतले नाहीत. आर्डिस म्हणाली, "मॅचची नावं द्यायची आहेत. तो विचारतोय तू आहेस ना." मी म्हटलं, विचारू दे. माझ्याशिवाय जाणार कुठे? जरा तडफडू दे. योग्य वेळी मी स्वतः जाऊन एकच वाक्य बोलेन. वाक्य अजून ठरायचं आहे.

पुंगळ्यांच्या बुडाशी बारीक चमकदार वर्तुळं दिसू लागली आहेत. पितळ खूश असावं.

२३ मे, शनिवार



रेंजवर दुसरी गोळी. बार वेगळाच वाजला, तोंडावर गरम झोत आला, चष्मा काळा. रायफलीचा बोल्ट उघडला तर पुंगळीचं नुसतं बूड हातात आलं. बाकीची आतच अडकलेली. त्या चमकदार वर्तुळावरच तुटली होती. चष्मा नसता तर डोळा गेला असता.

घरी येऊन आर्डिसला सांगितलं, ऑरिनने आज मला मारलंच होतं. आमच्या डायची वाट लावली त्याने.

तिने हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाली, "लोवेल, बस इथे. ऑरिनने नाही, तूच. तू धुतोस आणि ती रिंग कशीही आवळून देतोस. मग पुंगळी जास्त मागे रेटली जाते, दर बाराला ताणते आणि एक दिवस तुटते. म्हणून तो दर वेळी रिंग जागेवर आणून मग तुझ्याकडे पाठवतो. पहिल्या वर्षापासून. तू दाबायला बसायचास तेव्हा ती त्याने लावलेली असायची. या वेळी तू ती परत फिरवलीस, एवढंच झालं."

मी विचारलं, तुला कसं माहीत. ती म्हणाली, "मलाच काय, चर्चच्या तळघरात सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून त्यानेच शपथ घातली होती."

२४ मे, रविवार

चर्चला गेलो नाही. त्या तळघरात कोणत्या तोंडाने जाऊ?

हॉलमधल्या बक्षिसांच्या रिबिनी पाहिल्या. त्या कोणाच्या मग? गोळ्या मी झाडल्या. बोट माझं होतं. आर्डिस म्हणाली, "ते कोणी नाकारलंय का?" पण सूर बरा नव्हता.

शत्रू निदान तोंडावर सांगतो. याने अकरा वर्षं माझी चूक माझ्यामागे पुसली आणि वर मला शाबासकी दिली. "लोवेल, तुझ्या पुंगळ्या म्हणजे बाबा कमाल." असं म्हणायचा! मी मान हलवायचो. क्लबच्या जेवणात यावर भाषणही दिलं होतं. पहिल्याच रांगेत बसून तो टाळ्या वाजवत होता.

इतकं कोणी फसवलं नव्हतं मला. फार लागलंय.

२६ मे, मंगळवार

दोन्ही तऱ्हांनी दाबून पुंगळ्या मापून पाहिल्या. त्याच्या जागी रिंग ठेवली तर खांदा जेमतेम सरकतो, हवा तेवढा. माझ्या रेघेवर फारच. माप माझ्याविरुद्ध गेलं. मापक जुना आहे.

तरीही एक निर्णय. ऑरिनला माफ करायचं. मोठेपणा कोणीतरी दाखवायला हवा, आणि मॅच तोंडावर आली आहे. भाषण तयार केलं. मुद्दे तीन: विश्वास, मैत्री, माझा मोठेपणा. आर्डिसने रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या केल्या, त्या घेऊन जाईन.

३० मे, शनिवार

रस्ता ओलांडला. ऑरिन गॅरेजमध्ये होता. माझ्या स्टुलावर लोरेट्टा.

भाषण सुरू केलं. म्हटलं, "ऑरिन, मी तुला माफ केलंय."

तो म्हणाला, "बरं झालं. कशाबद्दल?"

रिंगबद्दल म्हटलं. इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? तो वडी खाता खाता म्हणाला, "सांगितलं होतं की रे, पहिल्याच वर्षी. तू म्हणालास, मी दातांचं बघावं. मग म्हटलं जाऊ दे, दोन मिनिटांचं काम आहे, आपणच करू. तुझा डोळा जायला नको, बस." तो दातांचा डॉक्टर होता हे लिहायचं राहिलं होतं. मी तसं म्हणालो असेन असं वाटत नाही. म्हणालो असेन.

मग मी सात तारखेचा विषय काढला. ऑरिन हात पुसत राहिला. लोरेट्टाच म्हणाली, "लोवेल, नावं द्यायची तारीख होऊन गेली. तू फोनच घेईनास. याला वाटलं, यंदा तुझं मन नाही. मी नको नको म्हणत होते रे." ऑरिन म्हणाला, "मी शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबलो होतो." तो माझ्याकडे बघत नव्हता.

 मग तो म्हणाला, "खाली खड्ड्यात टार्गेट ओढायला एक माणूस कमी आहे. येतोस?"

मी साफ नकार दिला. मलाही काही मान आहे. फाटकापर्यंत गेलो, परत आलो, आणि सकाळी किती वाजता यायचं ते विचारलं.

७ जून, रविवार, संध्याकाळी

दिवसभर खड्ड्यात. वर सिमेंटची भिंत, त्यावर टार्गेटं, खाली आम्ही. डोक्यावरून गोळी जाते तेव्हा फटकन आवाज होतो. पाच झाल्या की टार्गेट खाली ओढायचं, गुण मोजून रेडिओवर सांगायचे, भोकं कागदाने बुजवायची, परत वर.

शेवटच्या फेरीपर्यंत ऑरिनची जोडी आणि मायनॉट गावचे दोन पोरगे बरोबरीत होते. शेवटचं टार्गेट लोरेट्टाचं. ओढलं. पाचही भोकं अगदी मध्यावर, एकमेकांत शिरलेली. इतकी चिकटलेली की चारच आहेत, पाचवी गोळी कुठेतरी बाहेर गेली, असं कोणी म्हटलं असतं तरी खपलं असतं. बघणारा मी एकटाच होतो. बराच वेळ बघत राहिलो.

रेडिओवर ऑरिन. "लोवेल, किती?"

मी म्हटलं, पाच. सगळी मध्यावर. पूर्ण गुण.

तिकडे आरडाओरडा. मायनॉटवाल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, परत मोजायला सांगा. रेडिओ चालूच होता, ऑरिनचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. "लोवेलने मोजलंय. परत कशाला मोजायचं?"

पहिले आले.

कागदाचा एकच तुकडा पाचही भोकांना पुरला. चिकटवला, आणि टार्गेट वर ढकललं.