तुळसाच्या फलकावर भाईचं नाव

वालावल,
१२ डिसेंबर

ती. भाई यास,
सुगंधाचा वाकून नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, घरात कोणी आजारी नाही. इकडे मी, मांजर आणि विहिरीचं पाणी, तिघंही आपापल्या जागी आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? सारिकावहिनींनी सांगितलेलं तेल तू लावत नाहीस, असं त्यांनीच मला कळवलं आहे, तेव्हा ‘रोज लावतो’ असं उत्तर पाठवू नकोस. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि मागे बातम्यांवाला ओरडत असतो. शिवाय पस्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईनं महत्त्वाचं काही फोनवर सांगावं, हे मलाच बरं वाटत नाही.

तर गोष्ट अशी, की मी ग्राहक प्रतिनिधी झाले. (हसू नकोस. छातीवर लावायचा बिल्ला आहे, गोदरेजच्या कपाटात ठेवला आहे.) कुडाळला एका सरकारी कचेरीनं सेंद्रिय शेतीच्या धोरणावर ग्राहकांची मतं ऐकायला सभा बोलावली होती. मी भाज्यांवरच्या विषाबद्दल वर्तमानपत्रात एकदा चार ओळी लिहिल्या होत्या, त्या कोणीतरी कापून ठेवल्या होत्या म्हणे. मी नवीन साडी नेसून गेले. पहिल्या रांगेत बसले.

आधी छापील प्रश्नावली वाटली. ‘आपण सेंद्रिय भाजी कोठून घेता?’ ह्याच्यापुढे चार चौकोन : मोठं दुकान, ऑनलाइन, प्रमाणित केंद्र, इतर. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं, तुळसा. ‘भाजी सेंद्रिय असल्याचे कसे ओळखता?’ लिहिलं, तिला विचारते. ‘पुरावा?’ लिहिलं, अळी. मग तोंडी मतं सुरू झाली. सेंद्रिय मालाला जास्त दर द्याल का, म्हटल्यावर सगळे हात वर गेले, आणि किती जास्त, म्हटल्यावर निम्म्या लोकांना एकदम पाणी प्यायची आठवण झाली. एका गृहस्थांनी मागणी केली, की वांगी बिनऔषधाची आणि तरीही बिनअळीची मिळतील अशी सरकारनं कायद्यानं हमी द्यावी. एका बाईंना प्रत्येक जुडीवर प्रमाणपत्र हवं होतं, पण प्लास्टिकमध्ये नको होतं. दुपारी जेवणात फ्लॉवरची भाजी होती. ती कुठून आली, हे कोणीही विचारलं नाही. (मीही नाही. भूक लागली होती.)

तुळसा कोण, हे ठाण्याला राहून विसरला असशील म्हणून सांगते. आपल्या आंब्याच्या कलमांच्या बांधापलीकडे जिचा मळा आहे ती. चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसायची आणि माझी पेन्सिल खायची. भात कापून झालं की लाल भाजी, मुळा, वांगी करते आणि कुडाळच्या आठवडी बाजाराला नेते, त्यावर तिचं घर चालतं. शेण आणि राख ह्यापलीकडे तिच्या मळ्यात काही पडत नाही. वांग्यांचा वाटा पाचाचा. पाच मोजून द्यायची आणि मग मान भलतीकडे वळवून पिशवीत सहावं टाकायची. त्याला आम्ही ‘वर’ म्हणतो. मी ‘नको गो’ म्हणायचं, तिनं ‘गप रव’ म्हणायचं, असं गेली तीस वर्षं चाललं आहे.

जेवणानंतर प्राजक्ता मॅडम म्हणून तिथल्या अधिकारी उभ्या राहिल्या. (लहान वयाची, हुशार मुलगी. मला तर सून म्हणून आवडली असती, पण त्यासाठी आधी मुलगा लागतो.) त्या म्हणाल्या, बाजारात कोणीही पुठ्ठ्यावर ‘सेंद्रिय’ लिहून बसतो, ग्राहकानं विश्वास कसा ठेवायचा? आणि भाई, मी उभी राहिले. म्हटलं, प्रत्येक विक्रेत्याजवळ फलक लावा. माल कोणी पिकवला, खत कसलं घातलं, औषध मारलं का, हे तर लिहाच, पण बांधापलीकडे कोण फवारणी करतो त्याचंही नाव लिहा. वारा काय सातबारा बघून वाहतो? टाळ्या पडल्या. मॅडमनी ते वाक्य लिहून घेतलं आणि कुडाळच्या बाजारात तीन महिने हा प्रयोग करू, पहिला फलक सुगंधाताईंच्या तुळसाबाईंना, असं तिथल्या तिथे जाहीर केलं. मी तरंगतच घरी आले.

तू आता जे मनात म्हणतो आहेस ते तेव्हा माझ्या मनात आलं नाही, देवाशपथ. आपण कलमांवर मारतो ते औषध. विष दुसरे लोक मारतात. इतकी वर्षं मी असंच धरून चालले होते आणि त्यात मला कधी काही चुकलेलं वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी मॅडम मळा बघायला आल्या. मी यजमानीण असल्यासारखी पुढे. खत, पाणी, बियाणं, सगळं उत्तम. मग त्यांनी विचारलं, ‘बांधापलीकडे काय आहे?’ तुळसानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘थंय कोणाची तरी कलमा आसत.’ फवारणी होते का? ‘माका काय म्हायत नाय.’ अख्ख्या जन्मात ही बाई खोटं बोललेली मी ऐकली नव्हती, ती माझ्यासाठी बोलली. आणि त्याच क्षणी आपला गडी बाबली पाठीला पंप लावून, तोंडाला पंचा बांधून, बांधावर उगवला आणि तिथूनच ओरडला, ‘बाय, औषध कालवलंय! खंयसून सुरू करू? मागच्या खेपेक बांधाकडची रवली होती!’ मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

नाव सातबाऱ्यावरून घेतलं. तुझं नाव पहिलं आहे आणि मी ‘इतर’मध्ये आहे. त्यामुळे फलकावर आलं ते असं : ‘उत्पादक : तुळसा. खत : शेण, राख. औषध : नाही. शेजारील फवारणी : होय. जमीनमालक : श्री. भिकाजी, मु. ठाणे.’ हिरव्या रंगात, लांबून वाचता येईल एवढं.

पहिल्या बाजाराला मी मुद्दाम गेले. भाई, आपल्या लोकांचं काय सांगू! जी माणसं तिची भाजी डोळे मिटून न्यायची, ती फलक वाचू लागली, आणि त्यातलीही फक्त ‘फवारणी : होय’ एवढीच ओळ. वाचून समोरच्या विक्रेत्याकडे जायची, ज्यानं फलक लावायला चक्क नकार दिला होता. त्याच्या टोपल्या अकराच्या आत रिकाम्या. आपल्या वाडीतल्या दोघांनी तुझं नाव ओळखून मोठ्यानं वाचलं, ‘अरे, ह्यो तर आपलो भाई! ठाण्याक बसान हंय काय करता?’ एका पर्यटकानं तुझ्या नावाचा फोटो काढला. तुळसा दुपारपर्यंत भाजीवर पाणी शिंपडत बसली होती. एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो, मधे तिची अर्धी भरलेली टोपली. मी विचारलं, ‘तुळसा, रागावलंस गो?’ म्हणाली, ‘नाय. खरा ता लिवलेला आसा.’

दुसऱ्या बाजाराला तेच. तिसऱ्या बाजाराला तिनं टोपलीच लहान आणली. त्या दिवशी मी तिच्याकडून वांगी घेतली. तिनं पाच मोजली, पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी जरा वेळ तशीच उभी राहिले. तिनं मान वळवलीच नाही. घरी येऊन ती पाच वांगी ताटात मांडून बघत बसले आणि मला रडू आलं, हे तुला सांगायला लाज कशाची?

मला तुझा रागही आला, हे लपवत नाही. ही फवारणी कुणासाठी? मार्चमध्ये, सोसायटीत इतर कुणाच्या आधी, बिनडागाची पेटी तुझ्या दारात पोचावी म्हणून. आंबा तू खायचास आणि बाजारात मान खाली मी घालायची! असो. तू वडील आहेस, मोठ्या मनानं घेशील. तुझ्याकडून मला काहीही नको, मन मोकळं करायला लिहिलं. गुडघे सांभाळ. वहिनींना नमस्कार.

तुझी,
सुगंधा

ता. क. सोबत एक संमतीपत्र जोडलं आहे. ‘ह्या हंगामापासून कलमांवर रासायनिक फवारणी करणार नाही’ एवढंच त्यात आहे. ते दिलं की ती ओळ बदलून ‘शेजारील फवारणी : बंद’ अशी करू, असं मॅडम म्हणाल्या. सातबाऱ्यावरच्या पहिल्या नावाची सही लागते. फोनवर सही होत नाही, म्हणून पत्र. खूण केली आहे तिथेच कर, मागच्या वेळेसारखी साक्षीदाराच्या जागी नको.

ता. क. २. सही केल्यावर पेटी मार्चमध्ये येणार नाही. मेमध्ये येईल, डाग असतील, एखाद्यात अळीही निघेल. पुरावा समज.

ता. क. ३. वर तुझ्यावर जे ढकललं ते खोटं आहे. तीन वर्षांपूर्वी तू स्वतःच लिहिलं होतंस, ‘सुगंधा, औषधं बंद कर, आंबा उशिरा आला तरी चालेल.’ ते पत्र माझ्याकडे आहे. मीच ऐकलं नाही. वाडीतली पहिली पेटी आपल्या अंगणातून जायची, लोक विचारायचे, ‘एकट्या बाईन कसा केलान हा?’ आणि ते मला फार आवडायचं. परवाच्या बाजाराला जाऊन फलकावर तुझ्या नावाखाली मी खडूनं माझं नाव लिहिलं आणि दिवसभर तुळसाशेजारी बसले. जो वाचेल त्याला सांगत होते, फवारणारी ती मी, हिची भाजी घ्या. निम्मी टोपली गेली. बाबलीला फवारायला पंपात औषधाऐवजी ताक भरून दिलं आहे, तो माझ्याशी बोलत नाही.

ता. क. ४. पत्र वाडीतल्या विनीतच्या हाती पाठवते आहे, तो शुक्रवारच्या गाडीनं ठाण्याला निघतो. त्याच्याकडेच वांगी आहेत. तुझ्यासाठी म्हणून तुळसानं काल आणून दिली, पाच मोजून, आणि वर एक. वरचं मी ठेवून घेतलं आहे.