ओढ आवरण्याचा शास्त्रोक्त प्रयोग

४ फेब्रुवारी
फोनवरचा मण्यांचा गेम आज कायमचा काढून टाकला. बायको नुसतं ‘बघू’ म्हणाली. ती बँकेत काम करते, तिला काय कळणार? बक्षिसाची ओढ उंदराच्या मेंदूत कशी तयार होते यावर मी बारा वर्षं संशोधन करतोय. ज्याला यंत्र उघडता येतं, त्याला ते बंद करता येणार नाही?

५ फेब्रुवारी
जेवताना कन्येला सोपं करून सांगितलं. ग्लुटामेट हा निरोप्या. बातमी एका पेशीकडून दुसरीकडे तोच नेतो. डोपामिन स्वतः बातमी आणत नाही. कुठल्या बातमीचा आवाज वाढवायचा आणि कुठलीचा दाबायचा, एवढंच ते बघतं. म्हणून ‘फोन उचल’ हा निरोप ढोलासारखा वाजतो आणि ‘अभ्यास कर’ कुजबुजतो. तिनं विचारलं, मग तुम्ही माझ्याशी बोलताना फोनकडे का बघताय? निरीक्षण, म्हणालो.
परीक्षा तोंडावर आली आहे. तिचा फोन पासवर्डसकट जप्त केला. रडली. बाप व्हायचं तर कठोर व्हावं लागतं.

९ फेब्रुवारी
जप्त फोन घरी ठेवणं धोक्याचं, म्हणून लॅबमध्ये नेतो. आज बॅगेत वाजला. पालक या नात्यानं उघडला. त्यातही तोच गेम! फक्त एक डाव खेळलो. माझ्या फोनवर नव्हे, तेव्हा शपथ शाबूत आहे.

१३ फेब्रुवारी
गेममध्ये कन्येच्या मैत्रिणींचे गुणही दिसतात. मुली काय कच्च्या खेळतात! त्यांच्या यादीत कन्येला बरंच वर नेऊन ठेवलं.
एक मौलिक निरीक्षण: शिकलेल्या उंदराचं डोपामिन खाऊ मिळाल्यावर नाही, खाऊची खूण करणारा दिवा लागताच उसळतं. माझं बॅगेची चेन वाजली की उसळतं. असं स्वतःवर प्रयोग करणारे संशोधक आता राहिले कुठे?
संध्याकाळी बायकोनं बाथरूमचं दार वाजवून विचारलं, पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेऊ का?

१७ फेब्रुवारी
अपघात. मेंदूचे पातळ काप खारट द्रावणात जिवंत ठेवतात. त्यात सतत प्राणवायू सोडावा लागतो. आजचे काप मुंगळ्याच्या उंदरांचे. मुंगळा म्हणजे माझा सहकारी. सारखा कामाला चिकटलेला असतो म्हणून हे नाव. महिनाभर तो त्या उंदरांना शिकवत होता. दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेला आणि जाताना सिलिंडरकडे लक्ष ठेवायला सांगून गेला. मी ठेवलंच होतं. मध्ये थोडा वेळ सामानाच्या खोलीत वाचायला गेलो. आलो तर बुडबुडे थांबलेले.
काप मेले. सिलिंडर सदोष असावा, असं मी मुंगळ्याला सांगितलं. त्यानं काटा पाहिला. सिलिंडर चांगला होता, फक्त रिकामा होता. मग माझ्याकडे पाठ करून तो काप टाकून द्यायला लागला. गाल सुजल्यामुळे असेल.

१८ फेब्रुवारी
विभागप्रमुख बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. कापांमधले संकेत मोजायच्या यंत्राची किल्ली मुंगळ्याला द्यायला सांगितली. म्हणजे मला लिखाणाला मोकळीक! चहाला मुंगळा दुसऱ्या टेबलावर बसला. लोकांना दुसऱ्याची प्रगती बघवत नाही.

६ मार्च
परीक्षा संपली. कन्येचा फोन बायकोसमोर समारंभपूर्वक परत केला. संयमावर चार शब्द बोललो.
कन्या म्हणाली, आता नसला तरी चालेल, सवयच गेली. मला भरून आलं. मग सहज तिनं तो चालू केला. मी कधी न उघडलेले मैत्रिणींचे साठलेले निरोप धो धो दिसायला लागले. गेममध्ये वर गेल्याबद्दल काहींनी अभिनंदन केलं होतं. ऐन परीक्षेत खेळत बसते आणि आम्हाला अभ्यास करते म्हणून सांगते, खोटारडी, असंही काहींनी लिहिलं होतं. एका मैत्रिणीनं बोलणंच टाकलं होतं.
कन्येनं सगळं वाचलं आणि फोन आईपुढे धरला. मग मला अगदी हळू विचारलं, “हे बाबा खेळत होते, असं सांगू का त्यांना?”
मी म्हणालो, नको.
ती बरं म्हणाली. तेच जास्त लागलं.

७ मार्च
कन्येनं गेमचं खातं पुसून टाकलं. इतकी मेहनत गेली. फोनचा पासवर्डही बदलला.
तरी प्रयोग यशस्वी झाला. ओढ पूर्ण सुटली. तिची.
संशोधनाच्या कामासाठी म्हणून नवा पासवर्ड मागितला. आईला विचारा, म्हणाली.
आई समोरच बसली आहे. अजून विचारलेलं नाही.