ओगावारांची कोरी प्रत

अ‍ॅडलेड, शनिवार

प्रिय आयानो,

काल फोनवर तू म्हणालीस, "हात्सुए-सान, बाबांची स्वरलिपीची प्रत तुम्ही दडवून ठेवलीय." हे ऐकून घेऊन गप्प बसणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे. सोमवारी दहा वाजता या वाद्यवृंदासमोर संचालक म्हणून तुझी पहिली तालीम. ज्या ऑपेरावर तुझ्या वडिलांनी, ओगावारा सरांनी, इथला शेवटचा हंगाम संपवला, तोच आता तुझ्याकडे आला आहे, आणि त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा हाती आल्याशिवाय आपण उभी राहणार नाही, असं तू व्यवस्थापकांनाही कळवलंस. प्रत माझ्याकडे आहे. पण ती कोरी आहे. समोर येऊन सांगितलं असतं तर मी चिडले असते, तू रडली असतीस, आणि सांगायचं तेच राहिलं असतं.

तुझे वडील इथे पहिल्यांदा आले तेव्हा तू चार वर्षांची होतीस, जपानात, त्सुरुओकाला आईजवळ. ग्राझमध्ये गायकांची पाठांतरं पियानोवर घोटून घेण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. मग हॅम्बुर्ग, लिस्बन, ब्युनोस आयरिस. वर्षातले दहा महिने सुटकेसमध्ये. मी तेव्हा सहा वर्षं इथे प्रतींची खोली सांभाळत होते आणि मायदेशाहून कोणी नावाजलेला येतो म्हटल्यावर मनातून धास्तावले होते. आल्या आल्या ते वादकांसमोर कमरेतून वाकले, चांगले खालपर्यंत. कोणालाच काय करावं कळेना. मागून नगारे वाजवणारा डूगल म्हणाला, "काय साहेब, खाली काही पडलं का?" सगळे खो-खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकडे आमच्या कॉलेजात तर वादकाने संचालकाला साधा प्रश्न विचारणंही उद्धटपणा समजत. तुझे वडील सरळ उभे राहिले आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हो ना. तुमची नावं शोधतोय. अजून एकही सापडलं नाही." मधल्या सुट्टीत एका हातात मीट पाय, शर्टावर टोमॅटो सॉसचा डाग, असे ते प्रत्येक खुर्चीपाशी फिरले. दुसऱ्या दिवशी त्र्याहत्तर माणसांना त्यांनी नावाने हाक मारली. डूगल मला म्हणाला, "हात्सुए, हा माणूस आहे की टेलिफोन डिरेक्टरी?"

पुढच्या पंचवीस वर्षांत ते अकरा हंगाम इथे आले. त्यातली एक संध्याकाळ तुला सांगते, कारण तू तेव्हा टोकियोत परीक्षेला बसली होतीस. दुसऱ्या अंकात टेनर गायक गोंधळला आणि अख्खं कडवं गाळून पुढे गेला. मी विंगेत होते. आता सगळं कोसळणार, हे मला ऐकू यायच्या आधीच कळलं. तुझ्या वडिलांनी छडी थांबवली नाही की हात उंचावला नाही. त्यांनी फक्त मान वळवून दुसरा ओबो वाजवणाऱ्या मॉइराकडे पाहिलं. ती योग्य जागी पोचली. मग पहिल्या हॉर्नकडे पाहिलं. मग चेलोच्या तिसऱ्या बाकाकडे. तीन नजरांत सत्तर माणसं त्या कडव्यावरून उडी मारून पलीकडे गेली, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. मी रडणारी बाई नाही. पण त्या संध्याकाळी विंगेतल्या दोराला धरून उभी राहिले होते. आधी मॉइराच का, हे मला कित्येक वर्षं कळलं नाही.

आता प्रतीविषयी. वादकांच्या प्रती भाड्याने येतात आणि परत करताना त्यांतली पेन्सिल खोडून द्यावी लागते, हे तुला ठाऊक आहे. हंगाम संपला की आम्ही दोघी-तिघी आठवडाभर तेच करतो. संचालकाची प्रत मात्र त्याची स्वतःची असते. जगातले सगळे संचालक ती जिवापाड जपतात, लाल-निळ्या रेघांनी भरून टाकतात आणि म्हातारपणी मोठेपणाने कुठल्यातरी संग्रहाला देतात. तुझे वडील शेवटच्या प्रयोगानंतर माझ्या खोलीत येत, बाह्या सरसावत आणि आमच्या शेजारी बसून स्वतःची प्रत खोडत. पहिल्या खेपेला मी म्हटलं, "सर, ही भाड्याची नाही!" ते म्हणाले, "हात्सुए-सान, मीही भाड्याचाच आहे." त्यांचं पान त्यांनी मला कधी पाहू दिलं नाही. पुढे लिस्बनच्या ग्रंथपाल बाईंनी एका पत्रात विचारलं होतं, "तुमच्याकडेही ते असंच करतात का?" म्हणजे सगळीकडे तेच. चाळीस वर्षांत, चार खंडांत, या माणसाने एकही खूण मागे ठेवली नाही.

गेल्या ऑक्टोबरात ते आले ते हात खिशात घालूनच. कंप लपवत होते. प्रत माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "या वेळी तुम्ही खोडा." तुझी नेमणूक तेव्हा ठरली होती. मी नाही म्हटलं. म्हटलं, पुढच्या वर्षी तुमची मुलगी येते आहे, तिला द्या, एवढा हट्ट कशाला? भांडले मी त्यांच्याशी. त्यांनी प्रत उघडून दाखवली.

मला वाटलं होतं, वेग, श्वास, चढउतार, काहीतरी गुपित असेल. आयानो, त्यात संगीताविषयी जवळजवळ काही नव्हतं. नावं होती. पानापानावर, बारीक जपानी कांजी अक्षरांत, माणसं. "मॉइरा: घाबरली की मोजते, चुकत नाही. अडचणीत हिच्याकडे." "दुसरा हॉर्न: भावाशी बोलणं बंद. इथे बघू नको, त्याला एकटं वाजवू दे." "तिसरा बाक: आई गेली. आज वर बघेल, तेव्हा आपण तिथे असावं." अकरा हंगामांतल्या त्यांच्या सगळ्या जादूची उकल माझ्यासमोर होती, आणि ती एवढीच होती. 

ते म्हणाले, "दुसरा हॉर्न आता भावाकडे जेवायला जातो. आयानोने हे वाचलं तर तिच्यासाठी तो जन्मभर भांडलेलाच राहील. तिला माझे डोळे देऊ नका. तिचे चांगले आहेत." मग मी आणलेले उमेबोशीचे, खारवलेल्या आलुबुखाराचे, दोन भातगोळे आम्ही वाटून खाल्ले आणि ते विमानतळावर गेले. फेब्रुवारीत त्सुरुओकाहून ते वारल्याची बातमी आली.

म्हणजे तुझ्या वडिलांच्या खुणा मी खोडल्या. चार दुपारी लागल्या, दोन त्या बातमीच्या आधी, दोन नंतर. ते गेल्यावरही मी थांबू शकले असते; दीड अंक शिल्लक होता, विचारणारं कोणी नव्हतं. थांबले नाही. आठ महिने तुला "शोधते आहे" म्हणत राहिले, ते मात्र खोटं होतं आणि त्याची मला लाज वाटते. खरं लिहायला घेतलं की शेवटचं पानही सांगावं लागलं असतं, म्हणून टाळलं. शेवटच्या स्वराखाली माझं नाव होतं. मी वादक नाही, माझ्याकडे बघायचं त्यांना काही कारण नव्हतं. लिहिलं होतं: "हात्सुए: विंगेत, डावीकडे. आवडलं नाही तर दिवे लागायच्या आत निघून जाते. आधी तिथे बघ." इतकी वर्षं टाळ्यांना वळण्याआधी ते मान का वळवत, हे मला त्या पानावर कळलं. मी तेही खोडलं. त्या एका ओळीला अख्खी दुपार लागली. ती ओळ आता कुठेच नाही, आणि ती होती हे माझ्याखेरीज आणखी कोणालातरी ठाऊक असावं, म्हणून हे पत्र.

तुझीच,
हात्सुए मियोशी

सोबत, रंगमंच व्यवस्थापकांच्या हाती, शनिवार दुपारी तीन वाजता दिलं:
संचालकाची प्रत, एक खंड, तीन अंक, कोरी.
या हंगामाच्या वादकांची यादी, खुर्चीच्या क्रमाने, एकाहत्तर नावं, उच्चारांसह. प्रत्येक नावापुढे जागा मोकळी सोडली आहे.