अर्धं सोडलेलं वाचन

पापडी, वसई
१२ मे

प्रिय मेलरॉय,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. पापडीहून विरारला पत्र लिहिणारा आजच्या काळात मी एकटाच असेन. फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. तीन वेळा फोन हातात घेतला आणि तिन्ही वेळा ठेवून दिला. बोलायला लागलो की माझा आवाज मास्तरांचा होतो, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. लिहिलेलं खोडता तरी येतं. घरच्या बोलीत लिहावं असं फार वाटत होतं, पण ती बोलायची सवय, लिहायची नाही. हाताला शाळेतल्याच मराठीचं वळण पडलंय. तेवढं सांभाळून घे.

आधी घरचं. आईची खुशाली तुला माझ्याकडून कळायला नको. ती दर दुसऱ्या शनिवारी 'आगाशीला बहिणीकडे जाऊन येते' म्हणून निघते आणि संध्याकाळी हातात डबा घेऊन परत येते. तो डबा आगाशीचा नाही, विरारचा, हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं. तुझ्या मावशीच्या हाताला इतकं तिखट कधी नव्हतं. मी नुसता पोटभर जेवलो. मला कळलंय हे तुझ्या आईलाही कळलं होतं. पाच वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी असे सभ्यपणे खोटं वागलो. वाडीत केळी बरी आहेत, पानवेलीला यंदा कीड लागली. मागच्या बावखलाच्या तळ्यातलं पाणी मेच्या पहिल्या आठवड्यातच तळाला गेलं, तिथे आता बगळे फिरतात.

आता ज्यासाठी कागद घेऊन बसलोय तिकडे वळतो. पाच वर्षांपूर्वीचा तो रविवार मी विसरलो असेन असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. चर्चमधली मिस्सा करून आपण घरी आलो होतो. आई आत सोरपोटेल गरम करत होती. तू मला म्हणालास, "पप्पा, मुलगी बघायचं थांबवा. मला मुली आवडत नाहीत. माझ्या आयुष्यात विघ्नेश आहे." इतकं सरळ, एका दमात. तू ते किती दिवस पाठ केलं असशील, याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. मी उठलो, कपाटावरचं बायबल काढलं, लेवीयचा अठरावा अध्याय उघडला आणि पुरुषाने पुरुषाशी संग करू नये, हे एक वचन तुझ्यासमोर मोठ्याने वाचलं. चर्चमध्ये वाचतो तसं, स्पष्ट उच्चारात, स्वल्पविरामाला थांबून. जन्मल्यापासून तुझ्याशी घरच्या बोलीत बोलणारा बाप त्या दिवशी पुस्तकी मराठीत बोलला. तू शांतपणे ऐकलंस. मग म्हणालास, "हे मी तुमच्या आधी वाचलंय, पप्पा. चौदा वर्षांचा होतो तेव्हा." मी बायबल मिटलं आणि सांगितलं की या वचनाखाली जो राहील तोच या छपराखाली राहील. तुझी आई दारात उभी होती, हातात डाव. सोरपोटेल त्या दिवशी कुणी खाल्लं नाही.

पुढे मी तसाच राहिलो. महिन्यातून दोन रविवार वेदीजवळ उभा राहून वाचन करायचो, बुधवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचो. कुणी तुझी चौकशी केली की 'कामात असतो' म्हणायचो. मनात धरून चाललो होतो की तू चर्च सोडलंस, देव सोडलास. एक सांगतो, तसं धरून चालणं मला सोयीचं होतं. देव सोडलेल्या मुलाला बाहेर ठेवणं सोपं जातं.

ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, फादर वॉल्टर यांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेला वाचक नव्हता. मी नेहमीप्रमाणे वाचन आधी घरी मोठ्याने वाचून पाहिलं. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यरुशलेमहून परत चाललाय, यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय, आणि येशूची वार्ता सांगत फिरणारा फिलिप धावत येऊन त्याच्याशी बोलतो. गोष्ट तुला पाठ आहे, गायनमंडळात असताना तुम्ही तिच्यावर नाटुकलं केलं होतंत. तो माणूस षंढ होता. हा शब्द आपल्या बायबलात तसाच छापलाय आणि वाचताना मी तो नेहमी जरा खालच्या आवाजात उरकतो. त्या संध्याकाळी मास्तरकीची खोड उपयोगी पडली. समासात दिलेले संदर्भाचे आकडे बघून मी जुना करार उघडला. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, अशा माणसाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. म्हणजे हा माणूस शेकडो कोस प्रवास करून उपासनेला गेला होता अशा ठिकाणी, जिथला नियम त्याला आत घेत नव्हता. आणि तरी परत येताना रथात धर्मग्रंथच वाचत होता. मग यशयाचा छप्पन्नावा अध्याय पाहिला. तिथे तोच देव म्हणतो, अशांना मी माझ्या घरात मुलामुलींपेक्षाही थोर नाव देईन. एकाच पुस्तकात एकीकडे दार बंद, दुसरीकडे उघडं. बावीस वर्षं मी मुलांना धर्म शिकवला, पण ही तीन पानं एका वेळी कधी उघडली नव्हती.

तू आणि तो खजिनदार सारखे, असं मी म्हणत नाही. तुला कसलं व्यंग नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वेदीजवळ वाचताना तो माणूस पाणी बघून फिलिपला विचारतो तिथे मी आलो. हे इथे पाणी आहे, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? एवढं वाचलं आणि मला पुढची ओळ दिसेना. चष्मा काढला, पुसला, घातला. तिसऱ्या बाकावर तुझी आई माझ्याकडे बघत होती. चर्चमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. मला वाटलं, हा प्रश्न मला विचारलाय. फिलिपने त्याला कुठलं वचन वाचून दाखवलं नाही, तो त्याच्याबरोबर रथातून उतरून पाण्यात गेला आणि त्याला बाप्तिस्मा दिला. वाचन मी कसंबसं पूर्ण केलं.

मिस्सा झाल्यावर वेदीमागच्या खोलीत फादर वॉल्टर यांना गाठलं आणि म्हटलं, मला पापनिवेदन करायचंय. तो रविवार त्यांना सगळा सांगितला. ते म्हणाले, "रॉबर्टसर, चर्चची शिकवण काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ती मी माझ्या अधिकारात बदलू शकत नाही." मी म्हटलं, "फादर, मी शिकवणीबद्दल विचारत नाही. मी देवाचा शब्द काठीसारखा वापरला. माझ्याच मुलावर." मग त्यांनी विचारलं की त्या रविवारी मी वाचन कुठे थांबवलं होतं. मी सांगितलं. "मग तिथून पुढे वाचा," ते म्हणाले. "घरी बसून. हेच तुमचं प्रायश्चित्त."

मी पुढे वाचलं. पान उलटलं की एकोणिसावा अध्याय लागतो. त्यात म्हटलंय, आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. माझ्या डोळ्यांपासून ते वचन एका पानाच्या अंतरावर होतं आणि मी त्याच्या आधी पुस्तक मिटलं होतं. त्याच अध्यायात असंही आहे की एका शेतात दोन जातींचं बी पेरू नये आणि दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नये. आपल्या वाडीत तीन पिढ्या केळीत पानवेल चढतेय आणि वाचनाला मी टेरिकॉटचा सदरा घालून उभा राहतो. मला हसू आलं. मग वाईट वाटलं, कारण हा वकिली मुद्दा झाला आणि वकिली मुद्द्यांनी मी तुला घरात घेणार नाही. नव्या करारातली पौलाची पत्रं राहतातच, तीही याला पाप म्हणतात. त्यांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही, आणि कळलंय असा आव मी आणणार नाही. मोठमोठे विद्वान त्यावर भांडतायत, मी तर पापडीचा निवृत्त मास्तर. पण शाळेत मी एक नियम पाळायचो. जे गणित मला स्वतःला सुटत नाही, त्यासाठी मुलाला वर्गाबाहेर उभं करायचं नाही. घरी तो नियम मी मोडला.

आता एक कबुली. गेल्या मंगळवारी मी तुझ्या घरी येऊन गेलो. पत्ता आईच्या औषधांच्या पिशवीत होता. मनवेलपाड्यात रिक्षावाल्याने दोनदा चुकीच्या इमारतीपाशी सोडलं. तू ऑफिसला जाणार हे माहीत होतं, म्हणूनच ती वेळ निवडली. मला फक्त दार बघायचं होतं. विघ्नेशने ते उघडलं. त्याची दुपारची पाळी होती. मी कोण हे त्याने विचारलं नाही. तुझं नाक माझ्यावर गेलंय, तेवढं त्याला पुरलं असावं. "काका, आत या," म्हणाला आणि पंखा लावला. भिंतीवर तुझा क्रूस आणि शेजारच्या फळीवर त्याचा गणपती, दोन्हींपुढे ताजी फुलं. मी काय बोलावं हे न सुचून विचारलं, "मेलरॉय चर्चला जातो का?"

"संडे चुकवत नाही, काका. सकाळची मिस्सा. मीपण जातो."

"तू? तू कशाला?"

तो जरा संकोचला. "तो शेवटच्या बाकावर बसतो. ते पुढे जाऊन कम्युनियनचा प्रसाद घेतात ना सगळे, तेव्हा बाक पूर्ण रिकामा होतो. हा एकटाच बसून राहतो. बघवत नाही. म्हणून मी बाजूला बसतो."

मी विचारलं, तो पुढे का जात नाही. विघ्नेश म्हणाला, "मीपण विचारलं एकदा. बोलला, मला अडवलंय. मी बोललो, फादरनी? तर बोलला, नाही, घरून."

मेलरॉय, त्याने केलेला चहा माझ्याने प्यायला गेला नाही. पाच वर्षं मी समजत होतो की तू देवाला सोडलंस. तू दर रविवारी त्याच्या दारात बसत होतास, आणि आत जाणाऱ्या वाटेवर मी आडवा पडलो होतो. तुझ्या शेजारी बसायला आला तो आपल्या धर्माचाही नसलेला मुलगा. मी येऊन गेल्याचं मेलरॉयला सांगू नकोस, मीच सांगेन, असं त्याला म्हणालो. त्याने शब्द पाळला असेल असं मला का कोण जाणे खात्रीने वाटतं. कम्युनियन घ्यायचं की नाही हे तू, तुझा देव आणि तुझे फादर ठरवा. त्यात मी पडत नाही. पण माझ्या नावाने जी आडकाठी तू मनात बाळगलीस ती मी काढून घेतोय. मी चुकलो, बाळा. मला माफ कर. हे वाक्य मी आजवर कुठल्याही मुलाला लिहिलेलं नाही, विद्यार्थ्यालासुद्धा नाही.

आणि आता पत्राचं कारण. ३१ तारखेला, रविवारी, आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. सकाळी साडेआठची मिस्सा आमच्या नावाने सांगितलीय. अर्पणाच्या वेळी कुटुंबातली माणसं भाकर, द्राक्षारस आणि वाडीतल्या फळांची टोपली घेऊन वेदीपर्यंत जातात. फादर वॉल्टरनी नावं मागितली तेव्हा मी भाकरीसाठी तुझं नाव दिलं आणि टोपलीसाठी विघ्नेशचं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही नावं लिहून घेतली. लोक विचारणार. पापडीतले लोक विचारल्याशिवाय राहत नाहीत, हे तुला सांगायला नको. मी सांगेन, हा आमचा मेलरॉय आणि हा विघ्नेश, त्याचा जोडीदार. काही जण त्यानंतर आमच्याकडे यायचे बंद होतील, कदाचित वाचनाला दुसरा माणूस बघा म्हणतील. तुझ्या आईला हे काल सांगितलं. तिने उठून कपाटातून तिची लग्नातली साडी काढली आणि उन्हात टाकली. तुम्हाला यावंसं वाटलं तर या. नाही वाटलं तर त्या दिवशी तुमची नावं वाचली जातील आणि जागा रिकामी राहील, ती मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. माफीचं मात्र घाईने ठरवू नकोस. मला इथवर यायला पाच वर्षं लागली. तू तुला हवा तेवढा वेळ घे.

तुझाच,
पप्पा