हळदीचा दगड

वडकरै, तिरुवैयारुजवळ
शुक्रवार, २० जानेवारी २००६

चि. वरलक्ष्मीस राजगोपाल अण्णाचे आशीर्वाद.

सवयीने हात ‘चि. सौ.’ लिहायला निघाला होता, तो थांबवला. तू आणि भुवना तंजावुरात बऱ्या असाल असं धरून लिहितो. तुझी वहिनी बरी आहे. पोंगलला आम्ही घरात गोड केलं नाही. तुझ्या घराच्या दारापुढची तिण्णै अजून ओल सोडते आणि आतल्या भिंतीवर कमरेच्या वर गाळाची रेघ तशीच आहे. चुना मारू का म्हणून विचारतात. मी थांबा म्हटलं आहे.

पूर आला त्या सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो.

साडेपाचला नेहमीसारखा घाटावर गेलो. कावेरी तांबडी झाली होती, केळीचे खुंट वाहत चालले होते. खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून वरच तांब्याने स्नान केलं, संध्या केली. मग हळदीच्या दगडाला हळद लावली, कुंकू लावलं, कापूर पेटवला. पाणी दगडाच्या वीतभर खाली होतं. तीन वर्षं नदीत नुसती वाळू बघितली होती आपण. मी हात जोडून म्हटलं, आई, आलीस.

एवढंच मी आजवर सगळ्यांना सांगत आलो.

दहाव्या दिवशी तू जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. “अण्णा, शेवटचं बोलले तेही खोटं. म्हणे, दगड कोरडा आहे वरू, तू पोरीला घेऊन शाळेत जा, मी म्हशी सोडून मागोमाग येतो. दगड कोरडा असता तर रस्त्यात पाणी आलंच कसं?” आणि शेषम्मा मामी माजघरातून म्हणाल्या, “म्हशींवर जीव होता बाई त्यांचा. बायकोवर एवढा असता तर.” म्हशी दोन्ही वाचल्या होत्या. तू सूर्यनारायणरावांचा फोटो भिंतीला लावू देत नाहीस असं भुवनाने फोनवर सांगितलं. आप्पाला खोटारडा म्हणते, मामा, असं म्हणाली आणि फोन ठेवला.

तुझा हिशेब तोच सगळ्या गावाचा आहे. बाबांनी आपल्या दोघांना लहानपणी घाटावर उभं करून शिकवलं होतं, दगडाला पाणी लागलं की घर सोडायचं, रस्त्यावर यायला त्याला अजून दोन तास लागतात. मग ज्या अर्थी रस्ता बुडाला, त्या अर्थी दगड केव्हाच बुडालेला असणार, आणि ते बघूनही हा माणूस म्हशींसाठी थांबला.

इन्शुरन्स कंपनीनेही हेच धरलं. तुला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी खाजगी कंपन्यांना खेड्यांतही पॉलिसी विकाव्या लागतात म्हणून त्यांचा माणूस आमच्या सोसायटीत आला होता. इथे कारकून मी एकटा, म्हणून गावाचे फॉर्म मीच भरले. त्यात एक प्रश्न होता, पुराची आगाऊ सूचना मिळण्याची सोय आहे का. मी प्रत्येक घरापुढे ‘आहे, घाटावरचा दगड’ असं लिहिलं. कोणी विचारलं तर समजावूनही सांगायचो की पॉलिसी घराचं नुकसान देते, अपघाताने माणूस गेला तर तेही देते, फक्त धोका दिसत असताना आपण होऊन त्यात गेलेल्याचं देत नाही. सूर्यनारायणराव हसले होते. “अण्णा, आपण होऊन पाण्यात कोण जातो?”

डिसेंबरात कंपनीचा सर्व्हेयर आला. तिण्णैवर बसून त्याने विचारलं, “सार, पाणी शिरलं त्याआधी दगड बुडाला होता ना?”

“बुडाला असणार.”

“असणार म्हणजे काय सार? तुम्ही रोज सकाळी तिथे जाता. तुम्ही पाहिला का?”

मी हो म्हटलं. त्याने लिहून घेतलं, मी सही केली. घराचं नुकसान मंजूर झालं आणि सूर्यनारायणरावांचं नामंजूर, ‘धोका माहीत असूनही थांबले’ म्हणून. तुला आलेलं ते पत्र माझ्या सहीवर उभं आहे, वरू.

मी हो का म्हटलं ते आता लिहितो.

देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा घाटाच्या पायऱ्या नव्या बसवल्या. काम माझ्या देखरेखीखाली होतं. दगड पूर्वी पायरीतच होता, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय त्याला लागायचा. आडी अठराला, नदीच्या सणाला, बायका त्याची पूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर चप्पल पडते, हे मला बघवत नव्हतं. मी गवंड्याला, गुरुमूर्तीला, सांगितलं की बाजूच्या भिंतीत कोनाडा कर आणि तिथे बसव. बसवून झाल्यावर तो म्हणाला, “रायर, हा दीड हात वर चढला. उद्या पाणी आलं तर याला उशिरा लागेल.”

मी म्हटलं, “देवीला पाय लागतात, ते पाप कोणी घ्यायचं? आणि नदीत पाणी आहे कुठे?”

“मला काय,” तो म्हणाला, “तुम्ही सांगाल तिथे बसवतो.”

पायऱ्याच नव्या, म्हणून उंची कोणाच्या लक्षात आली नाही. कोनाडा सगळ्यांना आवडला. तूच पहिली पणती ठेवलीस.

आणि त्या सकाळी घाटावर मी एकटा नव्हतो. कापूर पेटवत होतो तेव्हा सूर्यनारायणराव मागे येऊन उभे राहिले. थट्टेने म्हणाले, “जपून हं अण्णा, तो विझवायला आई वर येईल.” मग दगडाकडे वाकून बघत विचारलं, “कोरडा आहे. म्हणजे वेळ आहे अजून, ना?”

मी म्हटलं, “आहे. घाई करू नका.”

गुरुमूर्तीचं बोलणं मला तेव्हा आठवलं नाही, असं मी दोन महिने स्वतःला सांगत होतो. आठवलं होतं. हातात कापूर होता. पूजा चालली असताना आई असं करणार नाही, असं मनात आलं आणि मी गप्प राहिलो. तासाभरात बांध ओलांडून पाणी रस्त्यात आलं. सगळे शाळेच्या गच्चीवर होतो तेव्हा मी घाटाकडे बघत होतो. दगडाला पाणी त्यानंतर लागलं. मी डोळ्यांनी पाहिलं.

तुझ्याशी ते खोटं बोलले नाहीत. माझं बोलणं खरं मानून ते घरी आले आणि तुला तेच सांगितलं.

मंगळवारी मी तंजावुरात कंपनीच्या ऑफिसात गेलो. तुझ्या दारावरून गेलो, आत यायचं धाडस झालं नाही. हे सगळं लेखी दिलं. मॅनेजरने दोन्ही कागद शेजारी ठेवले. “आधीची सही तुमचीच ना?” हो म्हटलं. “मग तेव्हा खोटं लिहून दिलंत. याचा तुम्हाला त्रास होईल.” मी म्हटलं, माहीत आहे. कागद वर पाठवतो, पुढचं सांगता येत नाही, असं म्हणाला. तेव्हा त्याची आशा आत्ताच धरू नकोस. देवळाच्या मंडळींनाही सांगितलं. हनुमंतराव म्हणाले, “देवळाची किल्ली इथे ठेवून जा.” ठेवून आलो.

भुवनाला देवनागरी वाचता येत नाही. हे पत्र तिला तू वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, माझं तर नकोच.

काल आराधनेच्या उत्सवासाठी सगळा गाव तिरुवैयारुला गेला होता, म्हणून गुरुमूर्तीला आज बोलावलं. मंडपाच्या खांबाला नाव बांधायची जुनी कडी आहे, दगड तिच्या रेषेत असायचा असं बाबा म्हणत. पाण्याने भरलेली नळी धरून आम्ही ती पातळी काढली. कोनाडा फोडून दगड बाहेर काढला आणि दीड हात खाली, पायरीत, होता तिथे बसवला. “रायर, पुन्हा पाय लागतील,” गुरुमूर्ती म्हणाला. सिमेंट धरल्यावर मी हळद लावली नाही. त्याच्यावर पाय ठेवून खाली उतरलो, पाणी घेतलं, आणि त्याच्यावरच पाय ठेवून वर आलो.

राजगोपाल