शिर्डीचा नंबर

कोल्हार, १४ नोव्हेंबर १९९९

प्रिय सचिन,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र पोचलं. आई आता थकल्यात, रविवारी पुण्याला येऊन मुलीला घेऊन जा, असं लिहिलंयस. त्याचंच उत्तर देतोय, पण आधी दुसरं सांगायचंय.

रक्तदात्यांच्या तुझ्या वेबसाइटचा मी प्रोग्राम केला होता. आपल्याकडं नेटसाठी नगरला फोन लावायचा, आणि नाव सापडेस्तोवर लाइन तुटायची. म्हणून सगळी पानं उतरवून घेतली. आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की नेटशिवाय यादी समोर. अकरा दवाखान्यांत फ्लॉपीवरून बसवला. तुझ्या बहिणीला, माधुरीला केवढं कौतुक! एम-एटीवर माझ्या मागं बसून गावोगाव आली. तू तेवढं बजावलंस, "सम्राट, साइटवर नंबर बदलत राहतात. तुझ्या प्रोग्रामला ते कळणार नाही. दर महिन्याला नवी यादी घाल." दोन महिने घातली. मग माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या परीक्षा आल्या आणि राहूनच गेलं.

सप्टेंबरात माधुरीचं बाळंतपण सुखरूप झालं होतं, सचिन. दुपारी अचानक रक्त जायला लागलं. तिचा गट ओ निगेटिव्ह. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर मीच यादी उघडली. त्या गटाचा एकच माणूस, सुप्याच्या कारखान्यातला गोरक्षनाथ. फोन लावला तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "ते कवाच गेले हितनं. कुठं, ते ठावं न्हाई." नगरहून रक्त घेऊन गाडी निघाली होती. माधुरीनं विचारलं, "मिळालं का हो कुणी?" मी हो म्हणालो. गाडी यायच्या आत ती गेली.

तिच्या जलदान विधीच्या दिवशी तू विचारलंस, "यादीत कुणीच नव्हतं?" मी नाही म्हणालो. परवा नगरला जाऊन तुझी साइट उघडली. गोरक्षनाथच्या नावापुढं शिर्डीचा नंबर. तू जूनमध्येच बदललेला. लावला, तर त्यानंच उचलला. त्या दुपारी कुठं होतात, विचारलं. "दुकानातच की," म्हणाला. शिर्डीहून कोल्हार पाऊण तास.

नऊ दवाखान्यांतून प्रोग्राम काढून टाकला. दोन डॉक्टर काढू देईनात. चांगला चालतोय, म्हणतात.

मी रविवारी येणार नाही. आईंना हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. मुलीला त्यांच्या मांडीवरून उचलून घ्यायचा हक्क मला वाटत नाही. ती तुमच्याकडंच वाढू दे. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही. तुम्हीच ठेवा.

तुझाच म्हणायला आता जीभ रेटत नाही,
सम्राट