स्टिकरखालचा रंग

प्रिय विजूदादा,

अण्णांच्या फियाटचा मूळ रंग सापडला, आणि तो मी शोधला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वसमतचे आपले पेंटर नासेरभाई सगळं श्रेय स्वतःकडे घेऊन मोकळे होतील.

आरोहीनं लग्नाला कार्यालयात त्याच गाडीतून जायचं, आणि गाडी नवी आली तेव्हाच्या रंगाचीच हवी, असा अण्णांचा हट्ट. माझ्या लेकीचे लाड ते पुरवणार, धावपळ माझी. बाहेरचा रंग उन्हानं विटलेला, कंपनीची रंगाच्या नंबराची पट्टी गंजून गेलेली. म्हणून नासेरभाईंनी ऊन न लागलेला डिकीच्या आतला रंग नमुन्याला धरला. दार रंगवून झालं तर पिवळंधमक. अण्णा पोट धरून हसले. म्हणाले, “अरे, इतकी वर्सं आपुन डिकीत हळद वाहिली न्हाई का?” कुरुंद्यासारख्या हळदीच्या गावात जन्मून मलाही हे सुचू नये. नासेरभाईंनी दार पुन्हा घासायला घेतलं.

तेव्हा मला मागच्या दाराच्या आतलं तुझं स्टिकर आठवलं. औंढ्याहून आणलेला नागनाथ. नव्याकोऱ्या गाडीला चिकटवलास म्हणून अण्णांचा मार खाल्ला होतास. केस वाळवायच्या ड्रायरनं ऊब देत मी ते अलगद सोडवलं. खाली सायीसारखा रंग, जसाच्या तसा. तिथं ना ऊन पोचलं होतं, ना हळद. नासेरभाई रंग मिसळून पत्र्याचा तुकडा उन्हात धरायचे, सावलीत धरायचे आणि मी नाही म्हणायचे. शेवटी मलाच फरक दाखवता येईना. फार आनंद झाला बघ.

ही गाडी भंगारात घाला असं तू म्हणालास, तेव्हापासून अण्णा तुझं नाव काढत नाहीत आणि तू फोन करत नाहीस. मी दोघांच्या मध्ये पडले नाही, आता पडते आहे. काल ते स्टिकर मी जागेवर लावायला गेले, तर अण्णांनी माझा हात धरला. “राहू दे. ज्यानं लावलं त्यालाच लावू दे. येईल तो बराबर.” एवढंच बोलले आणि दार पुसत बसले.

भाचीला बोहल्यावर मामाच नेतो, दुसऱ्या कुणाचा हात ती धरायची नाही. तू येणार हे मी धरूनच चालले आहे. हळदीच्या आदल्या दिवशी पोच. डिंक आणून ठेवलाय.

तुझीच,
संगिता